हो म्हणतोय, साहेब

माझ्या नाकावर राग असतो, हे मला कुणी सांगायला नको. शिवणाच्या दुकानात गिऱ्हाईक मापाला उभं राहतं आणि उगाच पोट आत ओढून धरतं, तेव्हा मी सरळ टेप खाली ठेवते. "श्वास सोडा, नाहीतर कपडा तुमच्या मापाचा नाही, तुमच्या हौसेच्या मापाचा होईल," म्हणते. लोक हसतात आणि पुन्हा माझ्याकडेच येतात. पण बहिऱ्यांच्या संघटनेच्या कचेरीत त्या दिवशी मी तोंड उघडलं तेव्हा कुणीही हसलं नाही.

माझा धाकटा भाऊ कोठडीत होता. तो जन्मापासून बहिरा. एका फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश करायचा. तिथे पॉलिश सुकवायची एक खोली आहे, तिच्यात मोठा हीटर असतो. काम संपलं की शेवटी निघणाऱ्याने तो बंद करायचा. त्या दिवशी शेवटी निघाला धाकटा. मागाहून आग लागली आणि आत धावलेल्या पहारेकऱ्याचे दोन्ही हात भाजले. धाकट्याने ठाण्यात कबूल केलं, हीटर चालूच राहिला. माझ्या देखत कबूल केलं. देखत कसलं, माझ्याच मार्फत केलं, कारण त्याच्या खुणा कळणारी मी एकटी. अधिकारी विचारायचा, मी हातांनी धाकट्याला विचारायचे, त्याने मान हलवली की मी म्हणायचे, "हो म्हणतोय, साहेब." खाली दुभाषी म्हणून सहीसुद्धा माझीच.

तर मी कचेरीत गेले होते ती पदर पसरायला. पोरगा चुकला, पण मुद्दाम नाही केलं त्याने, शिक्षा कमी होईल असं काहीतरी बघा, एवढंच सांगायला.

दारावरचं बटण दाबलं तर घंटा वाजेना. पुन्हा दाबलं. मग अंगठा रोवूनच उभी राहिले. दार उघडलं तेव्हा आतला दिवा भकाभक उघडझाप करत होता आणि एक उंच, लांबुळका माणूस डोळे बारीक करून म्हणाला, "बाई, एकदा दाबलं तरी दिसतं."

आत एक गोल टेबल होतं, त्यावर हातांच्या आड येईल असा साधा पाण्याचा पेलासुद्धा नाही. खिडकीकडे पाठ करून कुणी बसणार नाही अशा खुर्च्या मांडलेल्या. जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एका बाईने मला उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि हात हलवायला सुरुवात केली. शेजारचा तो लांबुळका बोलू लागला, "मी बहिरी आहे. या संघटनेची वकील आहे. तुमच्या भावाला कालच भेटून आले."

मी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही बहिरी?"

त्याने नुसती हनुवटी चष्मेवालीकडे केली. ती हसत होती. तिचे हात हलले आणि तोंड पुन्हा त्याचंच चाललं, "हा दुभाषी. मी जे बोलेन ते तो 'मी' म्हणूनच सांगतो, मनाचं काही घालत नाही. तुम्ही माझ्याकडे बघून बोला."

"एवढा बाप्या माणूस 'भेटून आले' म्हणतो, मी कुणाकडे बघू?" मी म्हणाले. "असो. माझा भाऊ मुका आहे म्हणून त्याला..."

चष्मेवालीचा हात वर झाला. "बहिरा आहे. मुका नाही. काल माझ्याशी भरपूर बोलला."

झालं, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुमच्याशी बोलला? अहो, आई गेल्यापासून त्याचं तोंड मी आहे. डॉक्टरकडे मी, मालकाकडे मी, शेजाऱ्यांकडे मी. आमच्या घरच्या खुणा आहेत, त्या आम्हा दोघांनाच कळतात. तो तुमच्या इथे येतो, हातवारे शिकतो, ते मला ठाऊक आहे. मला ते कधी पटलं नाही, पण मी अडवलंही नाही. मात्र त्याच्या मनातलं तुम्ही मला सांगू नका."

दुभाष्याने हे सगळं, अगदी माझ्या आवेशासकट, हातांनी तिला सांगितलं. तिने मान तुकवून ऐकून घेतलं, म्हणजे बघून घेतलं. मग म्हणाली, "हीटर बंद केला होता, असं तो म्हणतो."

आधी जीव भांड्यात पडला. आणि लगेच पुन्हा राग आला. "मग ठाण्यात हो कशाला म्हणाला?"

"तेच मला तुमच्याकडून समजून घ्यायचंय. अधिकाऱ्याने विचारल्यावर तुम्ही नेमकं काय केलंत? दाखवा."

मी दाखवलं. हात शेकायची खूण म्हणजे हीटर. बटण फिरवायची खूण. बोट त्याच्याकडे. मग भुवया उडवून, तू चालू ठेवलास?

"आणि चेहरा?"

"चेहऱ्याचं काय?"

"आमच्याकडे चेहरा हा बोलण्यातला निम्मा भाग असतो. तुमचा चेहरा कसा होता?"

"कसा असणार? एका माणसाचे हात जळाले होते, बाई! अधिकारी टेबलावर पेन आपटत होता. रागावणार नाही तर काय लाड करणार?"

चष्मेवाली थोडी पुढे सरकली. तिचे हात आता सावकाश चालले होते आणि दुभाष्याचा आवाजही उतरला. "ताई, आठवून सांगा. तुम्ही रागावलेल्या असताना तुमचा भाऊ तुम्हाला कधी 'नाही' म्हणालाय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. दूध उतू गेलं तेव्हा, छत्री हरवली तेव्हा, माझी कात्री कागदाला लावली तेव्हा. प्रत्येक वेळी मी हात नाचवायचे आणि तो मान हलवायचा. मला वाटायचं, गुणी आहे पोरगा, चूक कबूल करतो. मग मात्र माझा तोल सुटला.

"म्हणजे माझ्या भावाला मी आत घातलं, असं म्हणायचंय तुम्हाला?"

दुभाष्याने ते पोचवलं. चष्मेवालीने हात टेबलावर ठेवले आणि तसेच ठेवले. त्याचा मला जास्त संताप आला.

मग तिने मला सगळं उकलून सांगितलं. धाकट्याने तिला जे सांगितलं त्याला ठाण्यातले लोक किंमत देत नव्हते. संघटनेने त्याला पढवलंय, म्हणत होते. त्याच्या सख्ख्या बहिणीने करून दिलेला जबाब त्यांच्या हातात होता. न्यायालयाने तो ग्राह्य धरला, की धाकटा काही वर्षं तरी बाहेर येत नव्हता.

"तिथे तुम्ही असायलाच नको होतं. त्याची भाषा येणारा, त्याच्याशी नातं नसलेला माणूस बोलावणं हे त्यांचं काम होतं, आणि त्याचा तो हक्क होता," ती म्हणाली. "त्यांनी तुम्हाला बोलावलं, कारण तुम्ही लगेच आलात."

"हक्कबिक्क मोठे शब्द आहेत, बाई. मी बहीण आहे त्याची."

"शब्द मोठा असेल. मागणं लहान आहे. त्याचं बोलणं त्याचं म्हणून लिहिलं जावं."

तिने एक वाट काढली होती. न्यायाधीशांना ती विनंती करणार होती, की या बहिणीने जसं ठाण्यात विचारलं तसंच इथे, सगळ्यांसमोर, एकदा विचारावं. प्रश्न न्यायाधीशांनीच निवडायचा, उघड उघड खोटा असा. तोवर मी धाकट्याला भेटायचं नाही, खूणसुद्धा करायची नाही. तीही त्याला यातलं अक्षर सांगणार नव्हती.

"आणि त्याने मान हलवली नाही तर?" मी विचारलं.

"तर तुमचा जबाब खरा ठरेल."

"आणि हलवली तर?"

"तर तो सुटायची शक्यता आहे."

हलवली तर मी कोण ठरेन, हेही त्यात मी विचारलं होतं, आणि ते तिलाही कळलं होतं. मी पिशवी उचलली आणि निघाले. दार इतकं जोरात आपटलं की भिंत हादरली, आणि जिना उतरताना लक्षात आलं, आपटलेलं ऐकायला आत फक्त तो दुभाषी होता.

दुकानात आल्यावर मी आतून कडी घातली. गिऱ्हाइकांना कपडे घालून बघायला माझ्याकडे पुरुषभर उंचीचा आरसा आहे. त्याच्यासमोर उभी राहिले आणि केलं. हात शेकले, बटण फिरवलं, बोट रोखलं. हात मी बघितलेच नाहीत. भुवयांच्या मधल्या दोन उभ्या आठ्या बघितल्या, ओठ बघितले. आरशातल्या त्या बाईसमोर मीसुद्धा काहीही कबूल केलं असतं. आरशावर कापड टाकलं आणि हातातल्या पँटची शिवण दोनदा चुकीची घातली. तरी मनातल्या मनात घोकत होते, नाही, माझा भाऊ मला खोटं सांगणार नाही.

सुनावणीच्या दिवशी धाकट्याला आणलं तेव्हा त्याची दाढी वाढलेली होती. मला बघून त्याचा चेहरा उजळला. मी नजर पायाकडे वळवली, कारण तशी अट होती. त्याला वाटलं असणार, ताई अजून रागावलीय. डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं, त्याचे खांदे पडले. धावत जावं आणि त्याला कवटाळावं, असं इतकं वाटलं की मी खालचं बाक दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले.

चष्मेवाली उभी राहिली. तिचे हात चालू झाले आणि लांबुळक्याचा आवाज न्यायालयभर घुमला, "मी आरोपीची वकील म्हणून उभी आहे." मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून एकदा तिकडे बघितलं आणि हसू जिथल्या तिथे विरलं.

सरकारी वकील उठला. "हा सगळा तमाशा आहे. बहीण भावाला वाचवायला काय वाटेल ते करील."

"वाचवायचंच असतं तर ठाण्यातच 'नाही म्हणतोय' म्हणाली असती," चष्मेवाली म्हणाली. न्यायाधीशांनी माझी सही असलेला जबाब पुन्हा उलटून बघितला. शेवटी त्यांनी मला पुढे बोलावलं.

"बाई, तुम्ही त्या दिवशी विचारलंत तसंच विचारायचं. कमी नाही, जास्त नाही." त्यांनी इकडेतिकडे नजर फिरवली आणि बाजूच्या भिंतीवर नेऊन थांबवली. तिथे एक मोठं गोल घड्याळ टिकटिकत होतं. "त्यांना विचारा, या न्यायालयातलं घड्याळ तुम्ही चोरलंत का?"

धाकटा माझ्यापासून हाताच्या अंतरावर उभा होता. घड्याळ आम्हा दोघांना स्वच्छ दिसत होतं. मला त्या क्षणी काय वाटत होतं ते सांगते. त्याने मान हलवावी असं वाटत होतं, कारण मग तो घरी येईल. आणि हलवू नये असंही वाटत होतं. हलवली तर इतकी वर्षं मी त्याच्याशी जे बोलले त्यातलं काय उरणार होतं? अशी आहे मी. भावाच्या सुटकेच्या क्षणी मला माझं पडलं होतं.

रागावणं मला कधी जड जात नाही. त्या दिवशी जड गेलं. मग मी पहारेकऱ्याचे हात आठवले, मालकाचा तेलकट चेहरा आठवला, पेन आपटणारा अधिकारी आठवला, आणि स्वतःला आठवलं. मग आला राग, पुरता आला. घड्याळाकडे बोट केलं. उचलून काखेत मारल्याची खूण केली. बोट त्याच्या छातीवर रोखलं आणि भुवया उडवल्या.

धाकट्याने घड्याळाकडे बघितलंच नाही. माझ्या हातांकडेही नाही. माझ्या भुवयांकडे बघत होता.

त्याने मान हलवली. मी तशीच उभी राहिले तेव्हा घाईघाईने आणखी एकदा हलवली. आणि ओठांच्या कोपऱ्यात ते कसनुसं हसू आणलं, जे मी लहानपणापासून बघत आले होते आणि ज्याला मी लाडीगोडी समजत होते.

घड्याळ जागच्या जागी चाललं होतं.

न्यायाधीशांनी मला विचारलं, "तो काय म्हणाला?"

तेच तीन शब्द तोंडात येत होते. ते मी गिळले. "काही म्हणाला नाही, साहेब," मी म्हणाले. "मी रागावले म्हणून घाबरला. त्या दिवशीही तसंच झालं असणार. तो जबाब त्याचा नाही. माझा आहे. शिक्षा करायची तर मला करा." आणि भर न्यायालयात मी हमसून हमसून रडले. मला आवरेना.

सरकारी वकिलाने लांबुळक्या दुभाष्यावर हरकत घेतली, हा त्यांचाच माणूस. मग न्यायालयाने स्वतःचा दुभाषी मागवला. जेवणाच्या सुट्टीनंतर बहिऱ्या मुलांच्या शाळेतल्या एक ठेंगण्या बाई आल्या. त्या धाकट्यासमोर उभ्या राहिल्या, आपलं नाव-गाव सांगितलं असावं, आणि मग धाकट्याचे हात सुटले.

मी त्याला असं बोलताना कधी बघितलं नव्हतं. माझ्याशी बोलताना त्याचे हात छातीपाशी असायचे, आखडलेले. इथे ते खांद्याच्या बाहेर जात होते. भुवया, गाल, मान, सगळं चाललं होतं. आणि त्या ठेंगण्या बाईंच्या बारीक आवाजात माझा भाऊ बोलत होता.

"मी हीटर बंद केला. पिनसुद्धा काढली. मी जोडे घालत होतो तेव्हा मालक आले आणि त्यांनी पुन्हा लावला. सकाळी माल जायचा होता, पॉलिश ओलं होतं. मी हाताने नको म्हणालो. त्यांनी मला दाराबाहेर ढकललं. पहारेकऱ्याने बघितलंय. त्यांना विचारा. त्यांचे हात कसे आहेत? मला कुणी सांगत नाही."

मालक दुसऱ्या रांगेत बसला होता. त्याने रुमाल काढून मान पुसली. न्यायाधीशांनी ठाण्याच्या अधिकाऱ्याला विचारलं, पहारेकऱ्याचा जबाब घेतलाय का. अधिकारी म्हणाला, कबुली होती, साहेब, म्हणून गरज वाटली नाही. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं आणि त्याच्याकडे बघत राहिले. मग धाकट्याकडे वळले.

"मग तुम्ही बहिणीला 'हो' का म्हणालात?"

धाकट्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता सांगू नकोस रे. आणि वाटलं, सांग.

"ताईच्या खुणा मला अर्ध्याच कळतात," बारीक आवाजात तो म्हणाला. "तिला ते माहीत नाही. ती माझ्यासाठी फार करते. सगळ्यांशी भांडते. कळलं नाही म्हटलं की ती पुन्हा सांगते, मग पुन्हा, मग ती रागावते, मग एकटीच रडते. मान हलवली की थांबते. मग आम्ही जेवतो."

ठेंगण्या बाईंचा आवाज शेवटच्या वाक्याला किंचित कापला, पण मनाचं काही त्यांनी घातलं नाही.

पहिला जबाब न्यायालयाने बाजूला काढला. पहारेकऱ्याकडे चौकशी करायला सांगितलं, त्याची भाषा येणारा दुभाषी नसताना बहिऱ्या माणसाचा जबाब घेतलाच कसा, याचा खुलासा अधिकाऱ्याकडे मागितला आणि धाकट्याला घरी सोडलं. चौकशी अजून व्हायची होती, पण तो माझ्याबरोबर पायऱ्या उतरत होता.

बाहेर फाटकापाशी मी त्याला थांबवलं. सवयीने हात वर केले आणि विचारलं, भूक लागली? की आधी घरी जाऊन अंघोळ? की पहारेकऱ्याला बघायला दवाखान्यात? सगळं एकदम, भराभरा, नेहमीसारखं.

त्याने मान हलवली.

मी हात खाली घेतले. चष्मेवाली आणि लांबुळका मागून येत होते. मी तिच्यापाशी गेले आणि तिच्याकडेच बघून म्हणाले, "बाई, तुमच्यात 'कळलं नाही' कसं म्हणतात?"

लांबुळक्याने ते हातांनी तिला सांगितलं. तिने मला खूण करून दाखवली. माझी पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदाही चुकली, तिने माझं मनगट धरून नीट वळवलं. मग मी धाकट्यासमोर गेले आणि ती खूण त्याला केली. आधी माझ्याकडे बोट करून: मला कळलं नाही. तुझं इतकी वर्षं मला कळलं नाही. पुढचं हातांनी आलं नाही, पण चेहऱ्यावर असावं.

तो माझ्या भुवयांकडे बघत राहिला. आठ्या नाहीत याची खात्री करत होता बहुतेक. मग त्याचा हात सावकाश वर आला, छातीच्या वर, खांद्याच्या बाहेर, आणि माझा भाऊ आयुष्यात पहिल्यांदा मला म्हणाला, कळलं नाही. पुन्हा सांग.

मी पुन्हा सांगितलं. एका वेळी एकच.